फोल्डर उघडायचा की फाइल दाखवायची?

पायथनमध्ये विंडोजसाठी प्रोग्राम लिहिताय आणि त्यात ‘फाइल कुठे आहे ते दाखवा’ असं बटण द्यायचंय, तर रस्ते तीन.

पहिला, ओएस.स्टार्टफाइल. फोल्डरचा पाथ दिला की काम झालं. फोल्डरात दहा-वीस फायली असतील तर पुढचं वाचूही नका. मी मात्र हे बटण धरणगावकडच्या एका जिनिंगच्या काटापावतीसाठी दिलं होतं. कापसाचा हंगाम भरात आला की तिथे पीडीएफचा नुसता ढीग. फोल्डर उघडायचा आणि मुनीमजी विचारायचे, “भाऊ, पावती कोठे शे?”

दुसरा, सबप्रोसेसमधून एक्सप्लोररला ‘/सिलेक्ट,’ लावून बोलावणं. हा नेमकी फाइल निवडून दाखवतो. खोड्या आहेत, पण इलाजही आहेत. पाथमध्ये फॉरवर्ड स्लॅश गेला तर हूं की चूं न करता डॉक्युमेंट्स उघडतो, म्हणून आधी ओएस.पाथ.नॉर्मपाथ. काम नीट होऊनही १, म्हणजे चूक झाल्याचा कोड, परत करतो, तेव्हा चेक=ट्रू लावू नका, नाहीतर पायथन उगाच एरर देतो.

माझं बिनसलं ते खिडक्यांवरून. तोच फोल्डर समोर उघडा असला तरी हा दरवेळी नवी खिडकी काढतो. काट्यावर गाड्यांची रांग, मुनीमजी पावतीगणिक बटण दाबणार, संगणक जुना. दुपारपर्यंत टास्कबार भरून जायचा आणि खिडक्या मिटवणं हेच एक काम होऊन बसायचं. शेवटी त्यांनी बटणाला हात लावणंच सोडलं.

तिसरा रस्ता शेल एपीआयचा: एसएच-ओपन-फोल्डर-अँड-सिलेक्ट-आयटम्स. सीटाइप्समधून (पायथनमधून विंडोजची फंक्शनं बोलावायचं मॉड्यूल) आधी कोइनिशिअलाइझ, मग आयएल-क्रिएट-फ्रॉम-पाथ-डब्ल्यूने मिळालेला पीआयडीएल (शेलला कळणारा फाइलचा पत्ता) द्यायचा, आयटमची संख्या ० ठेवायची, शेवटी आयएलफ्री. फंक्शन काय परत करतं ते सांगणारं रेस्टाइप सी_व्हॉइड_पी लिहायचं राहिलं तर ६४-बिटमध्ये पॉइंटर अर्धा कापला जातो. एका ओळीच्या जागी पंधराएक ओळी होतात, हे खरं. पण फोल्डर उघडा असेल तर तीच खिडकी पुढे येते आणि फाइल निवडलेली दिसते. निदान मी बसवलं तिथे तरी असंच चालतंय.

मॅकवर ‘ओपन -आर’ने (आर कॅपिटल) भागतं. लिनक्सवर एक्सडीजी-ओपनला फाइल दिली तर ती फाइलच उघडते. तिथे डी-बसवरचं (प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात ती व्यवस्था) शोआयटम्स बघा.

बटण क्वचितच दाबलं जाणार असेल तर दुसरा रस्ता वाईट नाही, पंधरा ओळींचा खटाटोप कशाला? मी मात्र आता सुरुवातीलाच तिसरा टाकतो, आणि तो फसला तरच एक्सप्लोररला हाक मारतो.