स्पेक्ट्रम : एचआयव्ही सेवांच्या खर्चाचे गणित मांडणारी संगणकप्रणाली

अव्हेनिर हेल्थ या संस्थेने विकसित केलेली ‘स्पेक्ट्रम’ ही संगणकप्रणाली विनामूल्य उपलब्ध असून, यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एचआयव्ही-एड्सविषयक कार्यक्रमाच्या वार्षिक अंदाजांसाठीही तीच वापरली जाते. तिच्या ‘गोल्स’ या भागात सेवेची गरज असलेली लोकसंख्या, त्यांपैकी किती जणांपर्यंत पोहोचायचे ते प्रमाण आणि प्रतिव्यक्ती खर्च भरला की, लागणाऱ्या निधीबरोबरच टळू शकणाऱ्या नव्या संसर्गांचा अंदाजही मिळतो. हीच तिची सर्वांत मोलाची बाजू मला वाटते, कारण परिणाम न सांगता केलेली निधीची मागणी अर्थखात्यासमोर टिकत नाही.

प्रतिव्यक्ती खर्चाचे आकडे मात्र वापरणाऱ्यानेच काळजीपूर्वक जमवायला हवेत. औषधांची किंमत खरेदीच्या नोंदींत सापडते. परंतु समुपदेशकाचा वेळ, विषाणुभार चाचणी (रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजणारी तपासणी) आणि नमुन्यांची वाहतूक यांचा खर्च प्रत्यक्ष केंद्रांवर मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोठ्या शहरी रुग्णालयाचा आकडा दुर्गम केंद्राला लावला, तर तेथील निधी तोकडा पडून रुग्णांच्या उपचारांत खंड पडू शकतो. उपचार आयुष्यभराचे आहेत, त्यामुळे पहिल्या वर्षीची चूक पुढच्या प्रत्येक अंदाजपत्रकात उतरते. प्रणाली शिकायला वेळ लागतो. तो अवश्य द्यावा.