क्राउन, बेझल की बटणं? स्मार्टवॉच घेण्याआधी बोटांचा विचार करा

दुकानातल्या एसीत, कोरड्या बोटाने कुठलंही स्मार्टवॉच झकास चालतं. खरी परीक्षा होते ती पावसात धावताना, किंवा लोकलमध्ये एका हाताने वरची कडी धरून उभं असताना फोन वाजला की. म्हणून सेन्सरची यादी वाचण्याआधी एवढं बघा: हे घड्याळ चालवायचं कशाने?

निम्मा निर्णय तुमचा फोनच करतो. अॅपल वॉचला आयफोन लागतोच. सॅमसंगची गॅलेक्सी वॉच ४ पासूनची, म्हणजे २०२१ पासूनची घड्याळं फक्त अँड्रॉइडशी जुळतात. गार्मिन कंपनीचं घड्याळ दोन्हीकडे चालतं, पण आयफोन असेल तर गार्मिनवरून मेसेजला उत्तर देता येत नाही, नुसता वाचता येतो.

अॅपलने २०१५ मध्ये पहिल्याच घड्याळाला फिरणारा डिजिटल क्राउन, म्हणजे कडेची चावीसारखी गोल कळ, दिला. इवल्याशा पडद्यावर बोट ठेवलं की जे वाचायचं तेच झाकलं जातं, ही अडचण त्याने सुटली. २०१८ च्या सिरीज ४ पासून तो फिरवताना बोटाला बारीक टकटक जाणवते, त्यामुळे यादी किती सरकली याचा अंदाज येतो. ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, घेतानाही हाच क्राउन कामी येतो: दुसऱ्या हाताचं बोट त्यावर ३० सेकंद टेकवायचं, की मनगट आणि बोट मिळून सर्किट पूर्ण होतं. एकाच भागाकडून इतकं काम करून घेणारी रचना मला फार आवडते.

सॅमसंगचं फिरणारं बेझल मात्र वापरायला त्याहून सुखाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पडद्याभोवतीची अख्खी कडा फिरते, प्रत्येक टप्प्याला खट्ट होतं, आणि जाड बोटांना किंवा थरथरत्या हातालाही ती सहज सापडते. आईवडिलांसाठी घेत असाल आणि त्यांचा फोन अँड्रॉइड असेल, तर मी डोळे झाकून हेच सुचवेन. अडचण एवढीच की कंपनी त्यावर ठाम राहत नाही. २०१५ च्या गिअर एस२ मध्ये ते आलं, २०२२ च्या मॉडेलांतून गायब झालं, २०२३ च्या वॉच ६ क्लासिकमध्ये परतलं, पुढच्या वर्षी पुन्हा गेलं आणि २०२५ च्या वॉच ८ क्लासिकमध्ये परत आलं. तेव्हा खोक्यावर ‘क्लासिक’ लिहिलंय का ते पाहूनच पैसे द्या.

आता पाऊस. टचस्क्रीनला बोटातल्या विद्युतवहनामुळे स्पर्श कळतो, आणि पाणीही वीज वाहून नेतं. त्यामुळे काचेवर थेंब पडले की पडदा गोंधळतो: मध्येच काहीतरी भलतंच उघडतं, नाहीतर बोट लावूनही काही होत नाही. ऐन पावसाळी हवेत सातारा हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढणाऱ्याला ही कटकट परवडत नाही. तिथे गार्मिनच हवं. त्यांच्या फोररनर १६५ ला टचस्क्रीन आहे, पण पाच बटणंही आहेत: उजवीकडे वर सुरू-बंद, खाली लॅप (धावण्याच्या एका टप्प्याची नोंद) आणि मागे जाणं; डावीकडे वर दिवा, मधलं वर सरकायला, खालचं खाली सरकायला. टच बंद ठेवून सगळं घड्याळ बटणांवर चालतं. एकदा बोटांना सवय झाली की मनगटाकडे न बघता लॅप मारता येतो. अल्ट्रा मॉडेल सोडून बाकी अॅपल वॉचवर क्राउन आणि बाजूचं बटण एकत्र दाबून धावण्याची नोंद थांबवता येते, ही सोय चांगली आहे. पण टप्प्याची खूण करायला पडद्यावरच दोनदा टिचकी मारावी लागते, आणि भर पावसात तिथेच घोडं अडतं.

बटणांची दुसरी बाजूही सांगायला हवी. गार्मिनचे मेन्यू खोल आहेत, सुरुवातीला माणूस त्यात हरवतो. ज्याला फक्त चालणं, झोप आणि मेसेज एवढंच बघायचंय त्याला ते किचकट वाटेल. बॅटरीत मात्र तुलनाच नाही: कंपनीच्या दाव्यानुसार फोररनर १६५ साध्या वापरात ११ दिवस चालतं, तर अॅपलच्या सिरीज १० चा दावा १८ तासांचा.

हवेतल्या खुणांचं सध्या बरंच कौतुक होतंय. अॅपलने २०२३ च्या सिरीज ९ मध्ये डबल टॅप आणला: तर्जनी आणि अंगठा दोनदा जुळवायचा, घड्याळ मनगटाच्या हालचालीवरून आणि रक्तप्रवाहातल्या बदलावरून ते ओळखतं. सॅमसंगनेही पुढे तसंच दिलं. फोन घेणं, टायमर बंद करणं, यासाठी गर्दीत खरंच उपयोगी. केवळ तेवढ्यासाठी महागडं मॉडेल घेऊ नका.

दुकानात गेल्यावर बोट ओलं करून टायमर सुरू करा आणि थांबवा, मग तेच मान वर ठेवून करा. बेझल असेल तर ते पूर्ण एक फेरी फिरवून बघा, कुठे अडकत नाही ना. तुम्हाला मेसेज मराठीत येत असतील तर एक मागवून तो घड्याळावर नीट उमटतो का, हेही तिथेच तपासा.