कंटिन्युअम, ऑस्मोज, सीबोर्ड की लिनस्ट्रुमेंट: बोट नेमकं कुठे ठेवायचं?

साध्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर पट्टी दाबली की सूर वाजतो आणि वादकाचा त्या सुराशी संबंध जवळपास तिथेच संपतो. पट्टी किती जोरात मारली हे यंत्राला कळतं. पुढे बोट कितीही कळवळून हलवलं तरी सूर ढिम्म. काही कीबोर्डवर नंतरच्या दाबाचीही सोय असते, पण बहुतेकदा तो दाब वाजत असलेल्या सगळ्या सुरांना सरसकट लागू होतो. एकाच सुराला कंप द्यायला जावं तर एकत्र वाजणाऱ्या सुरांचा अख्खा कॉर्ड थरथरतो.

या लेखातली चारही वाद्यं हीच अडचण सोडवतात. प्रत्येक बोटाच्या तीन हालचाली ती वेगवेगळ्या ओळखतात: डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि खाली दाब. जाहिरातीत चौघांचं वर्णन इतकं सारखं वाटतं की निवड करणारा गोंधळतो. सेन्सर किती आणि रंगीत दिवे किती हे मोजण्यापेक्षा मी एकच प्रश्न विचारतो: दोन सुरांच्या मधली जागा हे वाद्य कोणाच्या ताब्यात देतं? वादकाच्या, की यंत्राच्या?

प्रश्न जुनाच आहे. १९२८ साली मॉरिस मार्तनो या फ्रेंच वादकाने लोकांसमोर आणलेल्या ओंद मार्तनो या इलेक्ट्रॉनिक वाद्यात उजव्या हाताच्या बोटातली अंगठी तारेसोबत सरकवून सूर अखंड वर-खाली नेता येत असे आणि डावा हात एका बटणावरच्या दाबाने आवाज फुलवत असे. रेडिओहेड या रॉक बँडचा जॉनी ग्रीनवुड आजही ते वाजवतो. कॅनडात ह्यू ले केनने १९४५ ते १९४८ च्या दरम्यान इलेक्ट्रॉनिक सॅकबट हा कीबोर्ड बनवला. त्याच्या पट्ट्या आडव्या हलवल्या की सूर हलायचा. ऑस्मोज पाहताना मला हटकून त्याची आठवण होते.

एकच इंजिन, दोन पृष्ठभाग

कंटिन्युअम आणि ऑस्मोज यांची तुलना सर्वात बोलकी आहे, कारण दोघांच्या पोटात आवाज तयार करणारं इंजिन एकच आहे: एडमंड ईगन यांच्या नावाचं ईगनमॅट्रिक्स. आवाजाची जात सारखीच असल्यामुळे फरक उरतो तो फक्त बोटाखाली काय लागतं याचा. तो फरक मात्र जमीन-अस्मानाचा आहे.

कंटिन्युअम अमेरिकेतल्या लिपोल्ड हाकेन यांनी घडवलं. त्याला पट्ट्या नाहीतच. मऊ कापडासारखा एक सलग पृष्ठभाग आहे आणि त्यावर पियानोची आठवण करून देणारे नुसते रेखलेले पट्टे. खाली स्प्रिंगांवर टेकलेल्या धातूच्या बारीक कांबी असतात. बोट दाबलं की त्या खाली जातात आणि चुंबकाच्या साहाय्याने ती हालचाल मोजली जाते. पूर्ण आकाराच्या वाद्याचा पल्ला सात सप्तकांहून जास्त आहे, निम्म्या आकाराचंही मिळतं. इथे मधली जागा सगळीच्या सगळी तुमची. बोट चार मिलिमीटर चुकलं तर सूर तेवढाच चुकतो, व्हायोलिनवर चुकतो तसाच. सुरुवातीचा सूर जवळच्या अर्धस्वरावर (पियानोच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर) आपोआप बसवायची सोय आहे आणि ती किती कडक ठेवायची हेही ठरवता येतं. पण ती पूर्ण कडक करून वाजवायचं असेल तर हे वाद्य घेण्यात अर्थ नाही.

मींड आणि गमक अंगात भिनलेल्या कानाला कंटिन्युअम लगेच आपलंसं का वाटतं, ते उघड आहे. ए. आर. रहमान यांनी 'दिल्ली-६' (२००९) मधल्या 'रहना तू' या गाण्यात ते वाजवलं आहे. विकत घेण्याआधी गाण्याचा शेवट कान देऊन ऐका. सूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना वाटेत काय काय करतो, ते कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा तिथे जास्त कळेल. लेड झेपेलिन या रॉक बँडचे जॉन पॉल जोन्स आणि ड्रीम थिएटर या रॉक बँडचे जॉर्डन रुडेस यांनीही हे वाद्य हाताळलं आहे. हे तिघेही कंटिन्युअमकडे वळले तेव्हा आधीच मुरलेले वादक होते, हे नवशिक्याने लक्षात ठेवलेलं बरं.

फ्रान्सच्या एक्सप्रेसिव्ह ई कंपनीचा ऑस्मोज २०१९ मध्ये जाहीर झाला आणि बऱ्याच प्रतीक्षेनंतर लोकांच्या हाती आला. त्याला ४९ खऱ्या, पूर्ण आकाराच्या पट्ट्या आहेत. पट्टी नेहमीसारखी खाली जाते, तळ लागला असं वाटतं आणि तिथून पुढेही दाबली जाते. शिवाय ती डावी-उजवीकडे थोडी हलते, त्यावर कंप आणि लहान आंदोलनं सुरेख निघतात. पण बोट सैल केलं की पट्टी मध्यावर परत येते आणि तिच्यासोबत सूरही. म्हणजे मधली जागा इथे तुम्हाला भाड्याने मिळते, मालकीची नाही. लांब मींड घ्यायची तर एक पट्टी धरून दुसरी हळूहळू दाबत जायची, सूर एकीकडून दुसरीकडे ओढला जातो. युक्ती देखणी आहे आणि सवयीने हाताला बसते. तरीही वाटेत मध्येच थांबून एखाद्या श्रुतीवर रेंगाळणं कंटिन्युअमवर जितकं सहज जमतं तितकं इथे जमत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. ज्याने पाच-दहा वर्षं पियानो वाजवला आहे, तो ऑस्मोजवर पहिल्याच संध्याकाळी सुरात वाजवेल. कंटिन्युअमवर त्याला साधी सरगम स्वच्छ यायला काही महिने लागतील. त्या महिन्यांचा ज्याला कंटाळा येणार नाही, त्यानेच तिकडे जावं.

आवाज बाहेरून आणणारी दोन वाद्यं

सीबोर्ड राइझ आणि लिनस्ट्रुमेंट यांच्या पोटात स्वतःचा आवाज नाही. संगणक, टॅबलेट किंवा इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारा सिंथेसायझर जोडावाच लागतो. एकटं वाद्य काढून वाजवायला बसायचं असेल, तर ही दोन्ही इथेच बाद.

लंडनच्या रोली कंपनीने सीबोर्ड ग्रँड २०१३ मध्ये आणि राइझ २०१५ मध्ये आणला. काळ्या मऊ सिलिकॉनमध्ये पट्ट्यांच्या आकाराचे उंचवटे आहेत, आणि त्यांच्या वरच्या-खालच्या सपाट भागावरून बोट सलग सरकवता येतं. दिसायला सगळ्यात मोहक हाच. माझी तक्रार त्या दिसण्याबद्दलच आहे. डोळ्याला पियानो दिसतो म्हणून हात पियानोसारखा पडतो, आणि पियानोवादकाचं बोट कॉर्ड धरताना नकळत थोडं कलतं. पियानोवर त्याने काही बिघडत नाही, इथे सूर ढळतो. आडव्या हालचालीची संवेदनशीलता कमी करता येते. पण ती फार कमी केली तर ज्यासाठी सिलिकॉन घेतलं तेच हातचं जातं. २०२२ च्या राइझ २ मध्ये पट्ट्यांवर बारीक उठाव दिले आहेत, बोटाला मध्य चाचपता यावा म्हणून. सुधारणा छोटी वाटते, पण दुखणं नेमकं तिथेच होतं. सिलिकॉनवर बोट अडखळतं का, हे ज्याच्या त्याच्या त्वचेवर अवलंबून असल्यामुळे हात लावल्याशिवाय ठरवू नये.

लिनस्ट्रुमेंट रॉजर लिन यांचं. १९८० सालचं एलएम-१ हे ड्रम यंत्र त्यांचंच, त्यामुळे माणूस या धंद्यातला जुना जाणता. २०१४ मध्ये आलेल्या या वाद्यात पियानोची नक्कलच नाही. एकूण २०० चौकोन आठ ओळींत मांडलेले, आणि प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीपेक्षा पाच अर्धस्वरांनी उंच, साधारण बास गिटारच्या तारांसारखी. याचा फायदा असा, की एखादी सुरावट एका स्वरपट्टीत बसली की तोच आकार उचलून कुठल्याही स्वरपट्टीत नेता येतो. पियानोवर बारा वेळा शिकावं लागतं ते इथे एकदाच. बोट चौकोनांवरून सरकवलं की सूर सलग जातो आणि थांबल्यावर जवळच्या सुरावर बसतो. हे बसवणं बंदही करता येतं. मधल्या जागेबाबतची ही तडजोड मला चारही वाद्यांत सगळ्यात प्रामाणिक वाटते. गिटार वाजवणाऱ्याने बाकी तीन बघण्यात वेळ घालवू नये. पियानोवाल्याला मात्र पहिले काही आठवडे ते बुद्धिबळाच्या पटासारखं वाटेल. १२८ चौकोनांची छोटी आवृत्तीही आहे.

जोडणीतली एक मेख

ही वाद्यं बाहेरच्या सिंथेसायझरशी एमपीई या पद्धतीने बोलतात. २०१८ पासून ती मिडीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवण्याच्या ठरलेल्या भाषेच्या, प्रमाणित कुटुंबात आहे. साध्या मिडीत सूर ओढण्याचा संदेश अख्ख्या चॅनेलला लागतो, म्हणून एमपीई प्रत्येक सुराला वेगळं चॅनेल देते. एकूण चॅनेल सोळा, त्यातलं एक सगळ्यांसाठी राखीव, म्हणजे एका वेळी पंधरा सुरांपर्यंत स्वतंत्र हाताळणी. दहा बोटांना पुरून उरते.

मेख सूर ओढण्याच्या मर्यादेत आहे. एमपीईत ती बहुधा ४८ अर्धस्वर असते, जुन्या सिंथेसायझरवर दोन. वाद्य ४८ वर आणि सिंथेसायझर दोनवर राहिला, तर तुम्ही एक अर्धस्वर सरकता आणि ऐकू येतो त्याचा चोविसावा भाग, म्हणजे जवळपास काहीच नाही. उलट झालं तर एका अर्धस्वराच्या सरकण्यात सूर दोन सप्तकं उडी मारतो. 'वाद्य बिघडलं' म्हणून परत पाठवण्याआधी दोन्हीकडचा आकडा सारखा आहे का ते बघा. आणि हातातला आवडता सिंथेसायझर एमपीई ओळखतच नसेल, तर सीबोर्ड किंवा लिनस्ट्रुमेंट घेऊन त्यांचं निम्मं सामर्थ्य खुंटीला टांगल्यासारखं होईल. कंटिन्युअम आणि ऑस्मोजना ही चिंता नाही, कारण त्यांचा आवाज घरचा.

अजून मन होत नसेल तर टॅबलेटवर जिओश्रेड हे वाद्याचं ॲप चालवून बघा. काचेला बोटाचा दाब कळत नाही, त्यामुळे तिसरी हालचाल तिथे नाहीच. पण सूर सरकवण्याची तुम्हाला खरंच ओढ आहे की नुसतं कुतूहल, हे पंधरा दिवसांत कळतं.

खरं वाद्य हाताशी आलं की आधी तयार आवाजांची यादी चाळत बसू नका, त्यात तासन् तास जातात. षड्जाचा एक सूर मागे धरून ठेवा. डोळे मिटून षड्जावरून पंचमावर सरका, तीव्र मध्यमावर क्षणभर टेका आणि परत या. असं दहा वेळा करा. दहांपैकी किती वेळा सूर लागला हे मोजायचं आहेच, पण न लागलेल्या वेळी अकराव्यांदा करावंसं वाटलं का, तेही बघा.