पन्नास हजार गेले, वर उधारीची खतावणीही अडकली

निफाड तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. द्राक्षवाले शेतकरी ऑक्टोबर छाटणीला औषधं-खतं उधारीवर नेतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघाला की पैसे देतात. सगळा धंदा खतावणीवर. ती १९९८ पासून फॉक्सप्रो या जुन्या, डॉसवर चालणाऱ्या डेटाबेसमधल्या एका प्रोग्राममध्ये होती. गेल्या वर्षी मदरबोर्ड गेला. नव्या मशीनवर ६४ बिट विंडोज, तिच्यावर डॉसचा प्रोग्राम सुरूच होईना.

अशा अडलेल्या वेळी एक सॉफ्टवेअरवाला दुकानात आला. ऑनलाइन सॉफ्टवेअर ८५ हजारांना, जुना डेटा फुकट चढवून देणार. जुन्या हार्डडिस्कवरचं सगळं फोल्डर त्याने नेलं आणि ‘नमुन्याला’ म्हणून बारा खात्यांच्या छापील प्रती मागितल्या. चार दिवसांनी डेमो दिला. बाराही खाती रुपयाला रुपया जुळलेली, नावं मराठीत. वडील म्हणाले, “हे तर हुबेहूब आपलंच.” त्याच दिवशी पन्नास हजार दिले.

ती बारा खाती त्याने त्या कागदांवरून हाताने टाइप केली होती.

खरा डेटा चढला तेव्हा ते उघडं पडलं. आमची जुनी नावं युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगच्या, आधीच्या फॉन्टमध्ये होती. ती तशीच उचलल्यामुळे आडनावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसत होती. शिवाय प्रत्येक खात्यावर फक्त अखेरची बाकी. कोणतं बिल, कोणती जमा, काहीच नाही. पंचवीस वर्षांचे गिऱ्हाईक असलेले एक आप्पा आले. म्हणाले, “भाऊ, फवारणीचं बिल मी दिवाळीतच चुकतं केलंय, बघा बरं.” स्क्रीनवर नुसता आकडा, ४६,३००. त्याची फोड दाखवता येईना. आप्पांसमोर मान खाली गेली. त्यांच्या शब्दावर रक्कम वजा केली.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला तर म्हणे, “बिलवार हिस्टरी हे वेगळं काम, चाळीस हजार लागतील.” मी नकार दिला. तिसऱ्या दिवशी लॉगिन बंद. खातं त्याच्याच ईमेलवर काढलेलं होतं आणि आमची तीन महिन्यांची नवी बिलंही त्यातच होती. कोटेशनवर दोनच शब्द होते, ‘डेटा ट्रान्सफर’. काय ट्रान्सफर, कधीपर्यंत, काही नाही. जीएसटीच्या नियमाने हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर मान पकडता आली.

कोणी सॉफ्टवेअर बदलणार असाल तर कळकळीने सांगतो, डेमोची खाती तुम्ही निवडा आणि तीही त्याच्यासमोर बसून, आयत्या वेळी. गावनिहाय येणेबाकीची बेरीज जुन्या-नव्यात जुळल्याशिवाय मोठी रक्कम सोडू नका. लॉगिन तुमच्या ईमेलवर आणि मोबाइलवर काढून घ्या. संपूर्ण डेटा एक्सेलमध्ये बाहेर कसा काढायचा, हे पैसे देण्याआधी स्वतः करून बघा. आणि निदान एक हंगाम तरी जुनं नि नवं दोन्ही चालू ठेवा.

आम्हाला वाचवलं जुन्या हार्डडिस्कने. ती भंगारात द्यायची राहून गेली होती. भाच्याने त्यातल्या डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटाच्या फाइल लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या, जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून नावं काढली. तीन महिन्यांची बिलं कार्बन कॉपीवरून पुन्हा भरतोय. वडील चष्मा लावून एकेक नाव मोठ्याने वाचतात, मी टाइप करतो. अजून पिंपळगावची खाती बाकी आहेत, आणि छाटणी तोंडावर आलीय.