पांढरकवड्याजवळ हायवेवरचं वायरिंगचं गॅरेज: ऑटोमॅटिक गाडीचा गिअर सेन्सर

हायवेवर केळापूरच्या अंगाला टायर-पंक्चरवाल्यांच्या रांगेत टिनाचं एक शेड आहे. बोर्डावर दुकानाचं नाव नाही. 'बॅटरी, सेल्फ, डायनामो, वायरिंग' एवढंच लिहिलंय. चारचाकीच्या वायरिंगचा घोळ असेल तर इथं बिनधास्त जा. इंजिन खोलायचं असेल तर इथला मिस्त्री पोरगा स्वतःच हात जोडतो आणि दुसरीकडे पाठवतो.

मी एसटीत ड्रायव्हर होतो. यवतमाळ, वणी, आदिलाबाद, या सगळ्या लाइनी चालवल्या. क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेला, म्हणून रिटायर झाल्यावर नागपूरहून सेकंडहँड ऑटोमॅटिक सेडान घेतली. "एसटीचा डायवर अन् बिनक्लचची गाडी" म्हणून गावानं हसून घेतलं. हसो बापडे.

बिघाड पावसाळ्यात सुरू झाला. गिअरची लिव्हर 'पी'मध्ये (पार्किंग) असताना चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे झकास लागत, पण सेल्फ, म्हणजे स्टार्टर, ढिम्म. लिव्हर 'एन'वर (न्यूट्रल) आणून जराशी हलवली की गाडी सुरू. पुढं पुढं 'डी'मध्ये (ड्राइव्ह) चालवताना डॅशबोर्डवरचं गिअरचं अक्षरच गायब व्हायला लागलं आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून जड ओढायची. घाटंजीच्या रस्त्यावर खताची ट्रॉली ओलांडायला गेलो तर गाडी नुसती गुरगुरली, पळाली नाही.

शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवली. त्यांनी स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड पाहिला आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणून ६५,००० रुपयांचा अंदाज हातात ठेवला. गाडीखाली कोणी वाकूनसुद्धा पाहिलं नाही.

या पोराची पद्धत उलटी. त्यानं आधी बॅटरी मोजली, १२.५ व्होल्ट निघाली, म्हणजे ठीक. मग मला म्हणाला, "काका, चावी ऑन करा, गाडी सुरू नोका करू. आता ब्रेक दाबून रिव्हर्स टाका." आणि स्वतः मागं जाऊन उभा राहिला. रिव्हर्सचा लाइट लागला नाही. लिव्हर किंचित पुढं ढकलायला लावली, लाइट लागला. सोडली, विझला. "गिअरबॉक्सले काई झालं नाई. लिव्हर कुठी हाय हेच गाडीले समजून नाई राह्यलं," इतकंच बोलला आणि मग स्कॅनर काढला. कोड आला पी०७०५, म्हणजे लिव्हरची जागा सांगणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष.

माझ्या गाडीत हा सेन्सर गिअरबॉक्सच्या आत नाही. लिव्हरची केबल गिअरबॉक्सच्या ज्या दांड्याला जोडलेली असते, त्या दांड्यावरच तो बाहेरून बसवलेला आहे. गाडी पी आणि एन सोडून कुठंही सुरू होऊ नये ही अडवणूक त्याच्याच जिवावर, रिव्हर्सचा लाइटही त्याच्यातूनच. त्याच्याकडून धड निरोप आला नाही की गाडीचा कॉम्प्युटर जोखीम घेत नाही, एकच गिअर धरून ठेवतो. माझी गाडी जड का ओढत होती ते तेव्हा कळलं.

तरी त्यानं लगेच सेन्सर बदला असं म्हटलं नाही. केबल सैल असली तरी हीच लक्षणं दिसतात, म्हणून ती आधी पाहिली. मग सेन्सरच्या वायरींचा कनेक्टर काढला. पिनांवर हिरवट थर साचला होता. आमच्याकडची काळी माती चाकाच्या आत लोण्यासारखी थापून बसते, आणि ती काढायला वॉशिंग सेंटरवाला खालून प्रेशरचा पाइप मारतो. ते पाणी असं कनेक्टरात शिरतं. स्प्रे मारून पिना साफ केल्या आणि मल्टिमीटर बीपवर ठेवून (जोड सलग असला की तो वाजतो) लिव्हरच्या प्रत्येक जागेला दोन-दोन पिना तपासल्या. एन आणि डी बरोबर वाजले. पी आणि आरला (रिव्हर्स) बीप मध्येच तुटायची. दोष सेन्सरच्या आतच होता, आणि तो त्यानं मलाही ऐकवला.

उघडून ग्रीस साफ करून देतो, पण टिकेल याची गॅरंटी नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. मी नवाच बसवायला सांगितला. नागपूरहून ट्रॅव्हल्सनं ४,२०० रुपयांचा सेन्सर आला, मजुरी ८०० घेतली. बसवणं हेही नुसतं दोन बोल्टचं काम नाही. बोल्टाची भोकं लांबट असतात, म्हणून लिव्हर एनमध्ये ठेवून खुणा जुळवाव्या लागतात, नाहीतर नवा सेन्सरही खोटंच सांगतो. त्यानं खुणा जुळवून बोल्ट आवळले आणि ब्रेक दाबून आर आणि डीमध्येही स्टार्टर मारून पाहिला. फिरला नाही, तेव्हाच बोनेट लावलं. तेव्हापासून गाडी पीमध्ये एका चावीत सुरू होते.

तक्रारी आहेत. पक्कं बिल मागितलं तर वहीचं पान फाडून देतो. सेन्सरच्या खोक्यावरची वॉरंटी कोण पाळणार, हे त्या पानावर मला मुद्दाम लिहून घ्यावं लागलं. गाडीखाली असला की फोन उचलत नाही. बसायला एक स्टूल, तेही ट्रकवाल्याच्या बुडाखाली. आणि स्कॅनर साधा आहे. कोड वाचणं-पुसणं जमतं, पण ज्या गाड्यांना नवा पार्ट कॉम्प्युटरला शिकवावा लागतो त्यांचं काम त्याच्याकडे होत नाही. क्लच आपोआप दाबणाऱ्या त्या एएमटी गाड्या बहुतेक त्यातच येतात. तशी गाडी असेल तर आधी विचारून घ्या, तो नाही म्हणायला लाजत नाही.

सकाळी दहाच्या आत पोहोचा. नंतर हैदराबादकडचे ट्रक लागतात आणि चारचाकीचा नंबर दिवे लागणीला येतो. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूनं परत जायचं असेल तर तेवढा उशीर बरा नाही.