सेन्सर बदलला म्हणून २९,४०० घेतले, सेन्सरला हातसुद्धा लावला नव्हता

नाशिककर मंडळी, ऑटोमॅटिक गाडी असेल तर हे पूर्ण वाचा, लांबलंय पण वाचा.

ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन मुंबईहून येत होतो. कसारा घाटात धो धो पाऊस, आणि चढावरच गाडीने जोरात झटका दिला आणि गिअर तिथेच अडकला, वर जाईना की खाली येईना, मीटरवर चेक इंजिनचा पिवळा दिवा. मागे ट्रक हॉर्न मारतोय, आई देवाचं नाव घेतेय, बाबा गप्प. कशीबशी इगतपुरीपर्यंत आणली, तिथे बंद करून वीस मिनिटांनी चालू केली तर नीट चालली, घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजला नेली, नाव लिहीत नाही. स्कॅनर लावला, कोड आला पी०८४२. मालक म्हणाला, "साहेब, ट्रान्समिशनचा प्रेशर सेन्सर गेला, गिअरबॉक्समधल्या ऑइलचं प्रेशर मोजणारा, हे बघा कोडमध्येच आलंय. अशीच चालवली तर अख्खा गिअरबॉक्स बसेल, मग दीड लाख धरून चला." घाटातलं डोळ्यासमोर होतं, त्यात दीड लाख ऐकले, हो म्हणून बसलो.

तीन दिवसांनी गाडी मिळाली. सेन्सर ११,८००, गिअर ऑइल ९,६००, मजुरी ६,५००, स्कॅनिंग १,५००, एकूण २९,४००. एका बाटलीत काळंकुट्ट ऑइल दाखवलं, तुमच्या गाडीतलं निघालं म्हणे. जुना सेन्सर मागितला तर "भंगारात गेला साहेब." बिल साध्या कागदावर, जीएसटी नंबर नाही, आणि गाडी चांगली चालत होती म्हणून मीही जास्त बोललो नाही.

नऊ दिवस चालली. दहाव्या दिवशी त्र्यंबक रोडला पपया नर्सरीच्या सिग्नलवरून उचलली आणि परत तोच झटका, तोच दिवा. गॅरेजवाल्याला फोन केला तर आता म्हणे वाल्व्ह बॉडी (गिअर बदलायला ऑइलचं प्रेशर इकडेतिकडे वळवणारा गिअरबॉक्समधला भाग) गेली, साठ हजार. तिथे मला शंका आली.

ऑफिसमधल्या एकाने अंबडच्या एका वायरिंगवाल्याकडे पाठवलं. त्याने स्कॅनर लावला, कोड तोच, पण तो म्हणाला, "दादा, हा कोड सेन्सर खराब आहे असं सांगत नाही, सेन्सरच्या सर्किटमधून व्होल्टेज कमी येतंय एवढंच सांगतो. सेन्सर असेल, वायर असेल, कनेक्टर असेल, मोजल्याशिवाय कसं कळणार?" गाडी लिफ्टवर घेतली आणि मला खाली बोलावून एकेक गोष्ट दाखवली. या सेन्सरला तीन वायरी, एक ५ व्होल्टची सप्लाय, एक अर्थिंगची, एक सिग्नलची. सप्लाय बरोबर, अर्थिंग बरोबर. मग दोन्ही बाजूचे कनेक्टर काढले आणि मल्टिमीटरचं एक टोक सिग्नलच्या वायरला, दुसरं बॉडीला लावलं, तर मीटर बीप वाजायला लागला. म्हणजे वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवला की बीप बंद, सोडला की परत चालू. शोधत गेला तर एका पत्र्याच्या क्लॅम्पखाली वायरचं कव्हर घासून तांबं उघडं पडलं होतं. गाडीच्या कॉम्प्युटरला प्रेशरचा भरवसा राहिला नाही की तो गिअरबॉक्स वाचवायला आतल्या ऑइलचं प्रेशर वाढवतो आणि एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो, म्हणून तो झटका. नऊ दिवस बरी का चालली तर गॅरेजमध्ये कोड पुसला आणि खाली हात घालताना वायर क्लॅम्पपासून जरा सरकली असणार, बास.

आता खरी गोष्ट. सेन्सर आमच्या गाडीत बाहेरूनच बसतो (काही गाड्यांत आत वाल्व्ह बॉडीवर असतो, तिथे गिअरबॉक्सखालचा ऑइलचा पॅन उघडावा लागतो). त्याने टॉर्च मारून दाखवलं, सेन्सर आणि गिअरबॉक्स दोन्हीवर मिळून कंपनीची रंगाची एकच सरळ रेघ, आणि वर वर्षांचा चिखल. पाना लागला असता तर रेघ तुटलीच असती. ऑइलच्या ड्रेन प्लगवरही तशीच अख्खी रेघ. म्हणजे सेन्सरही जुनाच, ऑइलही जुनंच! ती काळी बाटली कुठल्या गाडीची होती कोण जाणे. माझं ऑइल थोडं काढून पाहिलं तर लालसर होतं, जळका वास नाही.

वायर जोडली, स्लीव्ह घातली, क्लॅम्पला रबर लावलं, ८०० रुपये घेतले. आता दोन महिने झाले, कसारा तीन वेळा चढलोय, झटका नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, कोणी नुसता कोड दाखवून पार्ट बदला म्हणाला तर आधी विचारा व्होल्टेज किती आलं, मोजून दाखवा. काम चालू करायच्या आधीच जुना पार्ट परत पाहिजे म्हणून सांगा आणि बोल्टांचे फोटो काढून ठेवा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, माझं तिथेच अडलंय. मी त्या रेघांचे फोटो घेऊन परत गेलो तर मालक म्हणतो हा कागद आमचा नाहीच. पण पैसे यूपीआयने दिले होते ते एक बरं झालं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवलीय, तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. वायरिंगवाल्याने सगळं लिहून सही करून दिलंय, ते फाइलला लावलंय.