बीपीचं मशीन आणि शुगरचं मीटर : खानापूर भागात एक पावसाळा वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. घरात बीपीची गोळी चालू असलेलं कुणी असेल तर बीपीचं मशीन घ्याच. शुगरचं मीटर सगळ्यांना लागत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर प्रमाणाबाहेर खाली आणू शकणारी गोळी चालू असेल तरच त्याचे पैसे वसूल होतात. शुगरच्या नुसत्या मेटफॉर्मिन गोळीवर असलेल्याला ठरलेल्या वेळी सरकारी दवाखान्यात केलेली तपासणी पुरते. कोविडच्या वेळी घेतलेलं बोटाचं ऑक्सिमीटर कपाटात असेल तर असू दे, नवीन घ्यायची गरज नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात नुसतं बीपी बघायला खानापूर गाठायचं म्हणजे वडापचं भाडं आणि अर्ध्या दिवसाचा रोजगार गेला. म्हणून माणसं दोन-दोन महिने बीपी बघत नाहीत आणि गोळी मात्र जुन्याच डोसची खात राहतात. मशीनचा उपयोग इथे आहे. पण आकडा कसा घेतला आणि कसा लिहिला यावर सगळं अवलंबून आहे. चुकीचा आकडा नसलेल्या आकड्यापेक्षा वाईट, कारण त्यावर गोळी वाढते.

घेताना दंडाला बांधायचंच घ्या, मनगटाचं नको. मनगट छातीच्या पातळीत धरायचं वयस्कर माणसांना जमत नाही. मॉडेल तपासलेलं आहे का ते ‘स्ट्राइड बीपी’ या संकेतस्थळावरच्या यादीत बघता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टा. दुकानात जायच्या आधी शिंप्याच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजा. बऱ्याच मशीनबरोबर येणारा मध्यम पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो. घेर ३४ भरला तर २२ ते ४२ चा मोठा पट्टा मागून घ्या. लहान पट्टा मोठ्या दंडावर ओढून बांधला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, आणि दुकानदार ते सांगत नाही. मशीनला बहुधा चार पेन्सिल सेल लागतात आणि अडॅप्टर बऱ्याचदा वेगळा विकत घ्यावा लागतो. पावसाळ्यात करंटचा भरवसा नाही, म्हणून अडॅप्टरपेक्षा चांगले अल्कलाइन सेल बरे. सेल उतरत आले की पट्टा हळूहळू फुगतो आणि मध्येच एरर येते. मशीन बिघडलं म्हणून बेळगावला पळण्याआधी चारही सेल एकदम बदलून बघा. जुने-नवे मिसळू नका.

आता मोजणं. आपल्याकडे सगळ्यात जास्त चूक बसण्यात होते. माणूस जमिनीवर मांडी घालून बसतो, हात मांडीवर. दंड छातीपेक्षा १० सेंटिमीटर खाली गेला तर आकडा साधारण ७-८ ने वाढतो. पाठ टेकता येईल अशी खुर्ची, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, हात टेबलावर किंवा ट्रंकेवर उशी ठेवून छातीच्या पातळीत, एवढं लागतं. बाही वर सरकवून दंड आवळायचा नाही, हात बाहीतून काढायचा. पट्टा कोपरापासून दोन बोटं वर. लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं, मोजताना बोलायचं नाही. शेजारीण येऊन गप्पा सुरू झाल्या की तो आकडा सोडून द्या.

चहाचं सगळे सांगतात, मिश्रीचं कुणी विचारत नाही. सकाळी उठून मिश्री लावली आणि लगेच पट्टा बांधला की तंबाखूने वाढलेलं बीपी मोजलं जातं. चहा, मिश्री, विडी, पाणी भरणं, या सगळ्यानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. सकाळचा आकडा गोळी आणि नाष्ट्याच्या आधी घ्यायचा. पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजायचं. ज्या हाताला जास्त येतं तोच हात कायमचा. नाडी वेडीवाकडी चालत असेल तर अशी मशीनं गोंधळतात, तेव्हा तीनदा मोजा आणि डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा, कारण त्या नाडीचीच वेगळी तपासणी लागते.

रोज मोजायची गरज नाही. डॉक्टरांकडे जायच्या आधीचे सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, दोन मोजण्यांत एक मिनिट. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरच्या सरासरीला १३५/८५ ही रेघ धरतात, दवाखान्यातली १४०/९० ची इथे लावायची नाही. मशीनची मेमरी दाखवण्यापेक्षा वही बरी, एक पान, एक आठवडा. आकडे इंग्रजी लिपीत लिहा. उपकेंद्रातल्या कन्नड सिस्टरना आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांना दोघांनाही ते झटकन वाचता येतात, देवनागरीत लिहिलेला आकडा कन्नड वाचणाऱ्याला अडतो. ई-संजीवनीवरून, म्हणजे सरकारच्या व्हिडिओ कॉलवरच्या डॉक्टर सेवेतून, सल्ला घ्यायचा असेल तर उपकेंद्रातूनच घ्या. पलीकडचे डॉक्टर कन्नड बोलत असले तर मध्ये सांगायला कुणीतरी असतं, आणि सरासरी तयार असली की रेंज जायच्या आत काम होतं.

त्याच पानाच्या मागे चालू गोळ्या. नाव कंपनीचं नको, आतल्या औषधाचं आणि मिलिग्रॅमसकट. आपल्या सीमाभागातला हा खास धोका आहे. निपाणी-चिक्कोडीची माणसं कोल्हापूर-मिरजेला जातात, खानापूरची बेळगावला आणि गोव्याला. सरकारी दवाखान्यातून बीपीची अम्लोडिपिन ५ मिळते, आणि मिरजेच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या दुसऱ्या नावाच्या गोळीतही अम्लोडिपिनच असू शकते. रंग वेगळा, पाकीट वेगळं, म्हणून दोन्ही घेतल्या जातात. मग घोटे सुजतात, उठताना चक्कर येते. रिकामी पाकिटं फेकू नका, एका पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरसमोर ओता.

शुगरच्या मीटरचं खरं दुखणं मीटर नाही, रक्ताचा थेंब लावायच्या पट्ट्या. पट्टी ३० अंशांच्या आत आणि कोरड्या जागी राहायला हवी. जून ते सप्टेंबर इथे भिंतीला ओल येते, तिथे पट्टी काय टिकणार! डबीच्या आतच ओल शोषणारं असतं, त्यामुळे पट्टी काढली की झाकण लगेच दाबायचं. दुसऱ्या डबीत ओतायच्या नाहीत, ओल्या हाताने काढायच्या नाहीत. फ्रिजमध्ये ठेवल्या तर बाहेर काढताना त्यावर दव धरतं, चुलीजवळच्या फळीवर ठेवल्या तर तापतात. लोखंडी कपाटाचा वरचा खण चांगला. फोडल्यावर काही कंपन्यांची डबी तीन महिने चालते, काहींची सहा. खोक्यावर बघून फोडल्याची तारीख डबीवर पेनने लिहा. आठवड्याला तीन तपासण्या असतील तर तीन महिन्यांत ३९ च पट्ट्या लागतात, म्हणजे तीन महिनेवाली ५० ची स्वस्त पडणारी डबी महागच. २५ ची घ्या.

हात साबणाने धुऊन पुसल्याशिवाय टोचायचं नाही. गूळ फोडलेल्या, आंबा कापलेल्या बोटाला ३०० दाखवतं आणि घरात रडारड होते. बोटाच्या टोकाला नको, बाजूला टोचा, पिळू नका. चांगल्या मीटरलाही १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे खरा आकडा २०० असेल तर मीटर १७० ते २३० मध्ये काहीही दाखवू शकतं. १८० चे १९५ झाले म्हणून गोळी वाढवायची नसते.

मीटर खरं कामाला येतं ते उपवासाला. एकादशीला शुगरची गोळी घ्यायची आणि खायचं नाही, यात शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत मोजणं, वर आली की भाकरी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. उपवासाच्या दिवशीचा डोस आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, अशा वेळी मशीन शोधत बसू नका, १०८ लावा. आमगाव-गवाळीसारख्या भीमगडच्या जंगलातल्या गावांत गाडी दारापर्यंत येत नाही, तिथे माणूस डांबरी रस्त्यापर्यंत आणायला लागणारा वेळच जास्त, तो मोजण्यात घालवू नये. त्रास काही नाही पण १८०/१२० च्या वर आलं तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टर. गरोदर बाईला यातला कुठलाच हिशेब लावू नका. तिथे १४०/९० आलं तरी त्याच दिवशी सिस्टरना कळवायचं, १६०/११० म्हणजे लगेच दवाखाना. बरीच मशीनं गरोदरपणासाठी तपासलेलीही नसतात.

टोचायची सुई एकदाच वापरायची आणि एका माणसापुरतीच. घरात दोघं मधुमेही असले तरी टोचणी वेगवेगळी. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, पाऊण भरली की बूच घट्ट लावून उपकेंद्रात द्या. उकिरड्यात टाकल्या तर त्या शेणखताबरोबर शेतात जातात, आणि रोप लावणीला माणसं अनवाणीच उतरतात.